पेशकाराच्या लेकी

बरकतपुरा, हैदराबाद
२० ऑक्टोबर २०२४

ती. मामा,

साष्टांग नमस्कार. यात नमस्कार कमी आणि लोटांगण जास्त समजा. गेले तीन आठवडे मी तुम्हाला रोज पत्र लिहितोय, फक्त कागदावर नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी खरंच बसलो होतो. ‘ती. मामा’ एवढं लिहून झालं आणि पेन संपलं. कोपऱ्यावर रिफिल आणायला गेलो, तिथे समद भेटला. त्याला बीदरला एक जुनी बुलेट बघायला जायचं होतं आणि मागे बसायला माणूस हवा होता. रिफिल बीदरला मिळाली. बुलेट नाही मिळाली. पक्ष्यांची काळजी करू नका, त्या दिवशी शेजारच्या कुसुमताईंनी दाणापाणी केलं.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, हे कबूल. ‘व्हॉट्सअॅपवर तू थापा मारतोस, पत्रात थापा मारायला कष्ट पडतात आणि कष्ट तुला जमत नाहीत,’ हेही कबूल. तेव्हा खरं तेच लिहितो. तुमचे फिंच ठणठणीत आहेत. पांढरी जोडी, डोक्यावर तुरा असलेला तो अगाऊ, आणि ठिपक्याठिपक्यांचे तिघं, सगळे सकाळी सहापासून गच्चीवर चोची वाजवतात. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत इतक्या लवकर कधी उठलो नव्हतो. त्यानंतर बी.कॉम.च उरलं नाही.

आणि मामा, मी एक चांगलं काम केलंय. बेगम बाजारात पक्ष्यांसाठी राळे घ्यायला गेलो होतो. तिथे एक आजीबाई दहा किलोची पिशवी कमरेवर घेऊन उभ्या. तारामतीबाई. परभणीकडच्या. नवरा रेल्वेत गार्ड होता, तो गेल्यावर लेकाच्या क्वार्टरमध्ये सिकंदराबादला राहतात. मला म्हणाल्या, “ए पोट्ट्या, हात रिकामे दिसतात तुझे. धर.” मी धरली. ती सिकंदराबादपर्यंत धरली. त्यांच्या बाल्कनीत हा मोठा पिंजरा, आणि आत सगळे साधे राखाडी फिंच. “रंगीत मला नक्को,” म्हणाल्या, “रंगीत पक्षी सुनेसारखे. नखरे फार.”

मला एकदम तुमचा तो जिन्याजवळचा छोटा पिंजरा आठवला. चार साधे राखाडी, एक नर आणि तीन माद्या, मध्ये जाळी घालून वेगळे काढलेले. एवढ्या शोभिवंत घरात हे चार गरीब कशाला कोपऱ्यात? दुसऱ्याच दिवशी नेऊन दिले बाईंना. फुकट. आता तुमच्या गच्चीवर नुसती शो-रूम आहे.

ऑपरेशननंतर गुडघा कसा आहे? रश्मीताईला सांगा, तिच्या बाबांचं घर स्वच्छ आहे. म्हणजे होईल.

तुमचा,
हर्षवर्धन

•

नांदेड
२८ ऑक्टोबर

चि. हर्षवर्धन,

तुझं पत्र रश्मी मला वाचून दाखवत होती. अर्ध्यावर तीच थांबली, कारण माझा चेहरा पाहून तिला वाटलं टाका उसवला.

त्या चार साध्या राखाड्यांसाठी मी ती गच्ची राखून आहे. बाकीचे शोभेचे. पांढरे, तुरेवाले, ठिपकेवाले, बाजारात पाहिजे तितके मिळतात. तू दागिने देऊन आलास आणि डबी पुसून ठेवलीस.

आता नीट वाच. मध्येच रिफिल आणायला जाऊ नकोस. त्या नराचं नाव पेशकार. मी महसूल खात्यात छत्तीस वर्षं काढली, तिथे असा एक माणूस असतोच. दिसायला काही नाही, पण सगळं त्याच्याकडे. आपल्या फिंचांत नराचे गाल नारिंगी असतात, मादीला गाल नसतातच, ते तू पाहिलंयस. दोन वर्षांपूर्वी पेशकाराच्या घरट्यातून एक मादी निघाली, तिचे दोन्ही गाल कोळशासारखे काळे. आई राखाडी, बाप राखाडी, आणि लेक अशी. काही रंग असे असतात, बाहेर दिसत नाहीत, आत लपून राहतात. आईत आणि बापात दोघांत लपलेला असेल तेव्हाच एखाद्या पिल्लात वर येतो. ती मादी गेली. तिची आईही गेली. उरला बाप, आणि तिच्या तीन सख्ख्या बहिणी, दिसायला साध्या. त्यातल्या एखादीत तरी तो रंग लपलेला असणार. म्हणून थंडी पडली की पेशकार आणि त्या लेकींच्या जोड्या लावायच्या होत्या. तोंड वाकडं करू नकोस, पक्ष्यांत गोत्र बघत नाहीत.

उन्हाळ्यात घर भाड्याने द्यायचं ठरलंय. रश्मीच्या फ्लॅटमध्ये पिंजरा बसत नाही आणि माझ्याच्याने आता जिना चढवत नाही. म्हणजे ही शेवटची थंडी. मला तो काळा गाल एकदा बघायचाय. बस.

आत्ताच्या आत्ता सिकंदराबादला जा. पेशकाराच्या डाव्या पायात निळी रिंग आहे, लेकींच्या पायांत पिवळ्या. चौघांना घेऊन ये.

हणमंतराव

•

बरकतपुरा
६ नोव्हेंबर

ती. मामा,

हे पत्र बसूनच वाचा. रश्मीताईला शेजारी ठेवा.

मी गेलो होतो. ज्या दिवशी पत्र मिळालं त्याच दिवशी, मध्ये कुठेही न थांबता. (इराणी चहा मोजत नाही मी.) तारामतीबाईंनी दार उघडलं, “या, दानशूर,” म्हणाल्या. मी म्हटलं, बाई, ते चार परत हवेत, चूक झाली. त्या म्हणाल्या, “घे की. कोणते तुझे?”

आणि मामा, तिथे माझ्या लक्षात आलं. पिंजऱ्यात पंचवीसेक राखाडी. सगळे एकाच आईने एकाच दिवशी एकाच साच्यातून काढल्यासारखे. आणि एकाच्याही पायात रिंग नाही.

रिंगा मी काढल्या. देण्याच्या आदल्या दिवशी. नखं कापायच्या कात्रीने. मला वाटलं, बिचाऱ्यांच्या पायात बेड्या. नव्या घरी तरी मोकळ्या पायांनी जाऊ देत. ते करताना मला स्वतःबद्दल इतकं चांगलं वाटत होतं की मी फोटोसुद्धा काढला. त्यात माझा अंगठा आलाय, पक्षी नाही.

बाई म्हणतात, कधीही ये आणि ओळखून ने. मी तीन तास बघत बसलो. शेवटी मला तेच माझ्याकडे बघतायत असं वाटायला लागलं. पेशकाराची काही दुसरी खूण आहे का? तीळ, लंगडणं, वाईट सवय?

तुमचा गाढव,
हर्षवर्धन

•

नांदेड
१४ नोव्हेंबर

चि. हर्षवर्धन,

सही बरोबर केलीस.

खूण आहे. गाणं. प्रत्येक नराचं स्वतःचं एक गाणं असतं, बापाकडून उचललेलं, मग जन्मभर तेच. पेशकाराचं असं: आधी दोन बारीक टिचक्या, मग किटलीचं झाकण थडथडल्यासारखं, आणि शेवटी एक आवाज जो पुरा होत नाही, शिंक येता येता राहावी तसा. तो शेवट दुसऱ्या कुणाचा नाही. मला आता फोन ऐकू येत नाही, पण तो शेवट मी ऐकलेला आहे, विसरत नाही. सकाळी जा, ऊन पडल्यावर नर गातात. गप्प बस आणि ऐक. तू आयुष्यात हे दोन्ही एकत्र केलेलं नाहीस, पण करून बघ.

लेकी ओळखणं अवघड, माद्या गात नाहीत. पण त्या बापाजवळ बसतात. त्याच्या शेजारी जी असेल ती आण.

आणखी एक सांगतो, रश्मी इंजेक्शन आणायला गेलीय तोवर. ती काळ्या गालांची मादी पहिल्यांदा पद्मावतीने, तुझ्या मामीने, पाहिली. गच्चीवर वाळवण घालायला गेली होती, तिथून ओरडली, “अहो, हिने कुठे तोंड खुपसलं बघा!” मग दिवसभर त्या मादीला बघून हसत होती. पुढे पद्मावतीला दवाखान्यात ठेवलं तेव्हा मी तिच्यापाशी होतो. पक्ष्यांकडे लक्ष नव्हतं. घरी आलो तेव्हा मादी मेलेली होती. दवाखान्यात रोज तुझी मामी विचारायची, ती कशी आहे. मी म्हणायचो, मजेत आहे. शेवटपर्यंत तेच म्हणालो.

हे रश्मीला माहीत नाही. तू बोलू नकोस.

हणमंतराव

•

नांदेड
२० डिसेंबर

जिवंत आहेस का? पेशकार आहे का? दोनपैकी एकाचं तरी उत्तर दे.

ह.

•

बरकतपुरा
१९ जानेवारी २०२५

ती. मामा,

तुमचं कार्ड आलं त्या दिवशीच उत्तर लिहिणार होतो. पण म्हटलं, नुसतं ‘हो, हो’ लिहिण्यापेक्षा काहीतरी हातात असताना लिहावं. आता आहे.

पेशकार घरी आहे. नोव्हेंबरच्या शेवटी जाऊन ऐकला, ओळखला, आणला. टिचक्या दोन की अडीच यावर मी तुमच्याशी वाद घालणार नाही. शेजारी बसलेली एक मादीही आणली. दोघांना जिन्याजवळच्या पिंजऱ्यात ठेवलं, नारळाच्या करवंटीचं घरटं टांगलं, काथ्या दिला. त्यांनी दोन दिवस भांडून तिसऱ्या दिवशी संसार मांडला. माझ्या ओळखीच्या माणसांपेक्षा झटपट.

अंडी पाच. पिल्लं तीन. मी त्यांच्यासाठी काय केलं ते ऐका. अंडं उकडून किसलं. काकडी किसली. एकदा माझाच हात किसला. संक्रांतीला समदची पोरं गोव्याला निघाली होती, जीपमध्ये एक जागा होती, माझी बॅग भरलेली होती, आणि मी गेलो नाही! मामा, हे तुम्ही आईला कळवा, तिचा विश्वास बसणार नाही.

आता खरी बातमी. पिल्लं घरट्याबाहेर आली. दोन राखाडी. आणि तिसरं कसलं सुंदर! दूध जास्त पडलेल्या चहाच्या रंगाचं! पाठ, पंख, सगळं. इथे कुणाचाच असा रंग नाही. गाल अजून काळे नाहीत, पण तुम्ही म्हणालात ना, लपलेला रंग वर येतो. हा आला की नाही? मला वाटतं काळा हा नंतर चढत असेल, आधी चहा, मग डिकॉक्शन.

फोटो पाठवत नाही, तुम्ही प्रत्यक्षच बघा. गुडघ्याला सांगा, लवकर.

तुमचा,
हर्षवर्धन

•

नांदेड
२७ जानेवारी

चि. हर्षवर्धन,

पिल्लू छान असेल. अभिनंदन. आता ऐक.

चहाचा रंग लपतो, पण त्याची रीत वेगळी आहे. तो राखाडी मादीत लपू शकत नाही, फक्त नरात लपतो, आणि बापाकडून लेकीला जातो. तेव्हा ते पिल्लू मादी आहे, आणि तिचा बाप आत चहा घेऊन हिंडतोय. पेशकाराला चार वर्षांत कितीतरी लेकी झाल्या. गच्चीवर माझी सकाळ त्यांना बघण्यात जायची. एकही चहाची नव्हती.

तू आणलास तो पेशकार नाही.

मला राग आलेला नाही, तसं रश्मी म्हणते. एवढंच विचारायचंय, तू ते गाणं ऐकलंस का?

घरभाड्याचं नक्की झालं. एप्रिलपासून. पक्षी कुणाला द्यायचे ते तू बघ, तुला देण्याचा अनुभव आहे.

हणमंतराव

•

बरकतपुरा
९ फेब्रुवारी

ती. मामा,

नाही ऐकलं.

तीन पानं लिहून फाडली. एकात बाईंचा कुकर मध्येच शिट्टी देत होता असं लिहिलं होतं. दुसऱ्यात खाली बँड चालला होता. दोन्ही खरं आहे, पण कारण ते नाही. मी सकाळी गेलो होतो, ऊन होतं, नर गात होते. मी गप्प बसलो. दहा मिनिटं बसलो असेन. मग तारामतीबाई म्हणाल्या, “काही खाल्लंस का रे?” मी म्हटलं, नाही. मग ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, वर लसणाचं तेल. मग त्यांच्या नवऱ्याने एकदा काझीपेठला गाडी कशी थांबवली ती गोष्ट. मग मी त्यांच्या दिवाणावर आडवा झालो आणि उठलो तेव्हा ऊन उतरलं होतं, सगळे नर गप्प. बाई म्हणाल्या, “सापडला?” मला नाही म्हणायची लाज वाटली. जाळीजवळ जो हाताला आला तो धरला, शेजारची मादी धरली, पिशवीत घातली. घरी येईपर्यंत मला स्वतःलाच पटलं होतं की हाच पेशकार. घरी तो गायला तेव्हा शेवटी शिंकेसारखं काही नव्हतं. मी म्हटलं, जागा बदलली म्हणून असेल.

तुमचं मामीबद्दलचं पत्र तेव्हा माझ्या खिशात होतं. ते खिशात असताना मी झोपलो.

परवा पुन्हा गेलो. ठरवून गेलो की उपाशी राहायचं. क्वार्टरला कुलूप. शेजारी म्हणाले, बाई लेकाबरोबर वारंगळला लग्नाला गेल्यात, पक्षी कुणाकडे ठेवलेत माहीत नाही. कधी येतील? “येतील की,” म्हणाले. मी पायरीवर दुपारपर्यंत बसलो आणि परत आलो.

आता माझं असं झालंय की गच्चीवर जायची भीती वाटते. चहावाली पिल्लू मादी मात्र मला ओळखते, खांद्यावर येऊन कान टोचते. तिचा दोष काही नाही. तिला मागितलंच नव्हतं कुणी, तरी आली.

मी काय ठरवलंय ते सांगतो. बॅग भरलीय. समद अराकूला एका होमस्टेवर माणूस हवाय म्हणतोय, मंगळवारची गाडी आहे. कुसुमताई एप्रिलपर्यंत पक्षी बघतील, त्या माझ्यासारख्या नाहीत, दाणे घालायचे म्हटलं की दाणेच घालतात. मी इथे राहिलो तर अजून काहीतरी चांगलं करीन आणि ते तुम्हाला परवडणार नाही. रागवा, पण मला ‘राग आलेला नाही’ असं लिहू नका. ते वाचून

थांबा, खाली गेट वाजतंय.

मामा, बसा.

तारामतीबाई आल्यात. पत्ता कसा सापडला विचारलं तर म्हणाल्या, “बरकतपुऱ्यात येऊन विचारलं, पक्षी वाटणारा येडा पोट्टा कुठे राहतो. चौथ्या माणसाने दाखवलं.” हातात चपलांचा खोका, झाकणाला सुईने पाडलेली भोकं. आणि त्या भांडायला आल्यात. आत यायच्या आधी गेटवरच सुरू झाल्या. “फुकट दिलं म्हणून रोगट द्यावं का रे? तुझा तो नर, ते आल्यापासून एकाच मादीच्या मागे. घरटं केलं, पिल्लं झाली, मी म्हटलं होऊ दे. आता मोठी झाली तर एकीच्या तोंडाला हे काय! कोमट पाण्याने पुसलं. खोबरेल लावलं. जाईना! माझ्या बाकीच्यांना लागायच्या आधी तुझं तू घे परत.”

मी म्हटलं, बाई, माझा तो नर कोणता, तुम्हाला ओळखता येतो?

म्हणाल्या, “न ओळखायला काय झालं? गाऊन गाऊन शेवटी सर्दी झाल्यासारखा थांबतो. तू विचारलंस कुठे? तू तर जेवून झोपलास.”

खोका आता माझ्यासमोर जेवणाच्या टेबलावर आहे. झाकण मी बोटभर उघडलंय. छातीवर पट्टे नाहीत, मादीच आहे. खोबरेलाने पिसं चिकटून डोकं अर्धं झालंय आणि ती माझ्याकडे भयंकर संतापून बघतेय. दोन्ही गाल, मामा. काळे. अगदी चुलीत तोंड घालून आल्यासारखे.

बाई विचारतायत, मी हसतोय का रडतोय, आणि हिला औषध काय घालायचं.